क्रोमच्या वरची ती पट्टी

तुझ्या दुकानातल्या संगणकावर क्रोम उघडलं की पत्त्याच्या चौकटीखाली एक पट्टी येते. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं : 'यू आर यूझिंग ॲन अनसपोर्टेड कमांड-लाइन फ्लॅग : नो-सँडबॉक्स. स्टेबिलिटी अँड सिक्युरिटी विल सफर.' तू उजवीकडच्या फुलीवर क्लिक करून ती बंद करतेस आणि कामाला लागतेस. कुणाला सातबारा हवा असतो, कुणाला सीईटीचा फॉर्म भरायचा असतो, कुणाचं पॅन आणि आधार जुळत नसतं. शटर उघडायच्या आधीपासून जेल रोडवर माणसं उभी असतात, तिथे पट्ट्या वाचत बसायला तुला वेळ कुठला! पण आज थोडा वेळ माझ्यासाठी काढ. हे दुकान उभं करायला तू किती धडपडलीस ते मी पाहिलंय. काही वाईट झाल्यावर सल्ला द्यायला दहा जण येतील. मला ते होण्याआधी बोलायचं आहे.

त्या पट्टीचा अर्थ असा, की तुझ्या ब्राउझरचं सगळ्यांत मोठं संरक्षण कुणीतरी काढून ठेवलं आहे. ते काढलं कुणी, तर तुझा संगणक दुरुस्त करायला येतो त्या मुलाने. मध्यंतरी प्रत्येक टॅबवर 'ऑ, स्नॅप!' असं येऊन पानं उघडेनाशी झाली होती ना? तेव्हा त्याने डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, 'टार्गेट'च्या चौकटीत शेवटी दोन आडव्या रेघा आणि 'नो-सँडबॉक्स' एवढे शब्द टाकले. पानं धडाधड उघडायला लागली, तू त्याला पैसे दिलेस आणि विषय संपला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी मानते. दुकान बंद पडलेलं, गिऱ्हाईक खोळंबलेलं, अशा वेळी लवकर लागू पडतो तो उपाय कुणीही करतो. पण हा उपाय दुखण्यापेक्षा भारी आहे.

तुला वाटत असेल, वेबपान म्हणजे काय, तर वाचायचा मजकूर आणि चार चित्रं. तसं नसतं गं. जवळजवळ प्रत्येक पान स्वतःबरोबर प्रोग्राम घेऊन येतं आणि तो तुझ्या संगणकावर चालतो. चित्र उलगडून दाखवणं, अक्षरं रेखाटणं, व्हिडिओ चालवणं, पीडीएफ दाखवणं ही सगळी कामं ब्राउझरला बाहेरून आलेल्या मालावर करावी लागतात, आणि त्या मालावर भरवसा ठेवायला काहीही आधार नसतो. ब्राउझर लाखो ओळींचा बनलेला आहे, बराचसा सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेला. त्यात चुका राहतातच. क्रोमियमच्या अभियंत्यांनी २०२० साली स्वतःच सांगितलं की त्यांच्याकडे नोंदल्या गेलेल्या गंभीर सुरक्षा-चुकांपैकी सुमारे ७० टक्के चुका मेमरी हाताळण्यातल्या आहेत. नेमकी अशी चूक पकडून बनवलेलं एखादं चित्र किंवा पान समोर आलं, की ब्राउझर त्याला दाखवायला जातो आणि त्या पानाचा मालक ब्राउझरच्या आत शिरून आपल्या आज्ञा चालवायला लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी जातीची चित्रं उलगडणाऱ्या 'लिबवेबपी'त अशीच चूक सापडली. ती लायब्ररी क्रोममध्ये होती, फायरफॉक्समध्ये होती, आणखी कितीतरी प्रोग्रामांत होती. सगळ्यांना घाईघाईने दुरुस्ती काढावी लागली.

म्हणून ब्राउझर बनवणाऱ्यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. आत कधीतरी कुणीतरी घुसणारच, असं धरूनच घर बांधायचं.

आपण दोघी प्रेसच्या नेहरूनगर क्वार्टर्समध्ये वाढलो, त्यामुळे तुला प्रेसवरून हे लगेच समजेल. करन्सी नोट प्रेस १९२८ पासून नाशिक रोडला नोटा छापते आहे, पहिली पाच रुपयांची. आत काम करणाऱ्या माणसाच्या हाताखालून दिवसभरात केवढी रक्कम जाते, पण त्याच्या हातात असतं ते फक्त समोर दिलेलं काम. कागद मोजून येतो, छापून मोजून जातो, खराब झालेला तावसुद्धा फेकायचा नसतो, तोही मोजायचा. दुसऱ्या विभागात मनाला येईल तसं जाता येत नाही. गेटवर सीआयएसएफची झडती असते. आपल्या दोघींच्या बाबांची रोज झडती व्हायची म्हणून कुणी त्यांना चोर म्हणत नव्हतं. चोर ओळखून काढण्यापेक्षा कुणालाच चोरी करता येणार नाही अशी रचना करणं जास्त पक्कं, एवढाच त्यामागचा विचार.

ब्राउझरचा सँडबॉक्स म्हणजे अगदी हेच. पान दाखवण्याचं धोक्याचं काम एका वेगळ्या प्रोसेसला दिलेलं असतं. तिचं नाव रेंडरर. विंडोज प्रत्येक प्रोसेसला ओळखपत्रासारखं एक टोकन देते आणि त्यावरून तिला काय उघडता येईल ते ठरवते. रेंडररच्या टोकनवरचे जवळजवळ सगळे हक्क काढून घेतलेले असतात. तिचा विश्वासाचा दर्जा सगळ्यांत खालचा ठेवलेला असतो. नवा प्रोग्राम सुरू करायला तिला बंदी असते. तिला फाइल वाचता येत नाही, लिहिता येत नाही, दुसऱ्या खिडकीत ढवळाढवळ करता येत नाही. काही हवं असेल तर तिला ब्राउझरच्या मुख्य प्रोसेसकडे मागावं लागतं, आणि मुख्य प्रोसेस तपासून देते किंवा नाकारते.

हे तू रोज वापरतेस, फक्त तुला दिसत नाही. फॉर्म भरताना 'चूझ फाइल' दाबलंस की फाइल निवडायची जी खिडकी उघडते ना, ती त्या संकेतस्थळाच्या पानाने उघडलेली नसते. ती मुख्य प्रोसेस उघडते. तू गिऱ्हाइकाचं आधार निवडलंस की तेवढी एकच फाइल पानाच्या हातात पडते. त्याच फोल्डरमध्ये बाकीच्या माणसांची आधार, पॅन, पासबुकं पडलेली आहेत हे त्या पानाला कळतसुद्धा नाही.

आता 'नो-सँडबॉक्स' लिहिलं की काय होतं? रेंडरर वेगळी राहते, पण तिच्यावरची बंधनं जातात. तिला तुझ्या विंडोज खात्याचे सगळे हक्क मिळतात. एखादं बिघडवलेलं पान उघडलं आणि ब्राउझरमधली चूक त्याच्या हाती लागली, की त्या पानाला तुला जे जे करता येतं ते सगळं करता येतं. डाउनलोड्समधली शेकडो लोकांची कागदपत्रं, साठवलेले पासवर्ड, यूएसबीला लावून ठेवलेलं डिजिटल सहीचं टोकन, सगळं उघडं. आणि तुझं खातं तर ॲडमिनिस्ट्रेटर आहे. इतकी माणसं आपली कागदपत्रं तुझ्याकडे ठेवून निर्धास्तपणे घरी जातात, म्हणून मला हे फार लागतं.

ही रचना काही जादूने एका रात्रीत आली नाही. आपण कॉलेजात असताना बिटको चौकातल्या सायबर कॅफेत निकाल बघायला जायचो, तेव्हा एक खिडकी अडकली की सगळ्याच अडकायच्या, कारण सगळी पानं एकाच प्रोसेसमध्ये चालायची. विंडोज एक्सपी, ॲडमिनचं खातं आणि इंटरनेट एक्सप्लोरर. त्या संगणकांवर आपोआप चिकटलेले टूलबार आठवतात ना? व्हिस्टाबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर ७ मध्ये 'प्रोटेक्टेड मोड' आला, ती पहिली मोठी पायरी. मग २ सप्टेंबर २००८ ला क्रोम आलं, ते पानांना वेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडूनच. गुगलने तेव्हा स्कॉट मॅक्लाउड या चित्रकथाकाराकडून एक चित्रपुस्तिका काढून घेतली होती, त्यात ही रचना चित्रांतून समजावली आहे. तांत्रिक गोष्ट साध्या माणसाला सांगायचा इतका मनापासून केलेला प्रयत्न मी दुसरा क्वचित पाहिला. पुढे फायरफॉक्सनेही २०१६ पासून पानं मुख्य प्रोसेसमधून बाहेर काढायला सुरुवात केली.

ही भिंत किती जाड, याचा एक पुरावा मला फार आवडतो. मार्च २०१२ मध्ये गुगलने कॅनडातल्या व्हँकूव्हरला स्पर्धा ठेवली : क्रोम पूर्ण फोडून दाखवा, ६०,००० डॉलर घ्या. ज्यांनी फोडलं त्यांच्यातल्या 'पिंकी पाय' असं टोपणनाव घेतलेल्या तरुणाला सहा वेगवेगळ्या चुका एकामागे एक जोडाव्या लागल्या. सहा! सँडबॉक्स नसलेल्या ब्राउझरला एक पुरली असती. तुझ्या 'टार्गेट'च्या चौकटीतल्या त्या दोन शब्दांनी हल्लेखोराची एवढी सगळी मेहनत वाचवली आहे, हे लक्षात घे.

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर नावाचा दोष जाहीर झाला. तो प्रोसेसरच्या घडणीतलाच होता. एकाच प्रोसेसमध्ये चालणाऱ्या दोन गोष्टींपैकी एकीला दुसरीच्या मेमरीतलं वाचता येऊ शकतं, असं त्यातून दिसलं. तोवर ब्राउझर कधीकधी दोन संकेतस्थळांना एका प्रोसेसमध्ये बसवायचा. मग त्याच वर्षी क्रोमच्या ६७व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर 'साइट आयसोलेशन' जवळपास सगळ्यांना चालू करून दिलं : बँकेचं पान एका प्रोसेसमध्ये, आणि त्याच्या शेजारच्या टॅबमधलं क्रिकेटच्या स्कोअरचं पान दुसरीत. फायरफॉक्सने तशी सोय २०२१ मध्ये आणली. याचा खर्च आहे. गुगलनेच सांगितलं की मेमरीचा वापर साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. 'क्रोम रॅम खातं' असं तू वैतागून म्हणतेस ना, त्यातला काही भाग तुझ्या सुरक्षेची किंमत आहे. चार जीबीच्या संगणकावर सँडबॉक्स काढून वेग शोधू नकोस. रॅम वाढव, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाक. एक दिवाळी नवीन फर्निचर नको, हे घे.

आता एक नाजूक गोष्ट. सँडबॉक्स स्वतःच्या पायावर उभा नसतो, तो विंडोजच्या पायावर उभा असतो. बंधनं घालते ती विंडोज. तिच्यातच भगदाड असेल तर कैदी तिथून निसटतो. २०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हे प्रत्यक्ष झालं. क्रोममधल्या फाइल वाचण्याच्या भागातली एक चूक आणि विंडोजच्या गाभ्यातली दुसरी चूक, अशा दोन जोडून हल्ले चालले होते. गुगलच्या लोकांचं मत पडलं की विंडोजमधली ती चूक बहुधा विंडोज ७ वरच कामी येईल, कारण नव्या विंडोजमध्ये असे हल्ले रोखणारी संरक्षणं भरलेली होती. म्हणजे तोच ब्राउझर, तीच आवृत्ती, पण खालची विंडोज जुनी म्हणून घर उघडं. म्हणून आतल्या खोलीतला तो जुना संगणक, ज्यावर तू अजून विंडोज ७ ठेवली आहेस 'फक्त प्रिंटसाठी', त्याचं इंटरनेट काढून टाक. क्रोमची १०९वी आवृत्ती ही विंडोज ७ साठीची शेवटची होती, २०२३ पासून तिथे नवीन काही नाही. समोरचा संगणक विंडोज १० वर आहे. तिचे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वाढीव मुदतीची नोंदणी केली नसशील तर आजच बघ, आणि मशीन विंडोज ११ घेत असेल तर तिकडे जा.

अपडेटबद्दल आणखी एक. ऑगस्ट २०२३ पासून क्रोम दर आठवड्याला सुरक्षेचे अपडेट काढतं. पण ते उतरले तरी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत लागू होत नाहीत. तुझं क्रोम सोमवारी उघडतं ते शनिवारीच बंद होतं, संगणक रात्री नुसता झोपवतेस. शटर ओढण्याआधी क्रोम पूर्ण बंद करायची सवय लाव. उजव्या कोपऱ्यात 'रीलाँच' दिसलं तर चहाच्या वेळेला दाबून टाक.

इथवर भिंतीचं कौतुक केलं. पण बाहेरचा रस्ता आपणच उघडून दिला तर भिंत काय करणार? बनावट मुद्रांकांचं तेलगी प्रकरण आपल्या गावाने किती जवळून पाहिलं! मुद्रांक छापणाऱ्या इंडिया सिक्युरिटी प्रेसची भिंत कुणी फोडली नव्हती. भंगारात निघालेली छपाईची यंत्रं तेलगीने मिळवली होती, असं तपासात पुढे आलं. माल रीतसर दारातून बाहेर पडला. ब्राउझरचंही तेच होतं, आणि तुझ्या दुकानात अशी दारं बरीच आहेत.

सगळ्यांत मोठं दार एक्स्टेन्शनचं. तत्काळ तिकिटासाठी नावं आपोआप भरणारं एक्स्टेन्शन तू टाकलं आहेस. स्टेशनसमोरच्या निम्म्या दुकानांत ते असतं, हे मला माहीत आहे. टाकताना त्याने परवानगी मागितली होती : 'सर्व संकेतस्थळांवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे'. या वाक्याचा अर्थ शब्दशः घे. बँकेचं पान, आयकराचं पान, गिऱ्हाइकाचा मेल, सगळं. सँडबॉक्स एका पानाला दुसऱ्या पानाकडे बघू देत नाही, पण एक्स्टेन्शनला तू स्वतः पास दिला आहेस. आणि आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्याही चांगलं राहील याची हमी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये, ऐन नाताळात, सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीचं एक्स्टेन्शन हल्लेखोरांनी ताब्यात घेतलं. एका कर्मचाऱ्याला खोटा मेल पाठवून परवानगी मिळवली आणि बिघडवलेली आवृत्ती अधिकृत दुकानातूनच लोकांकडे पोचवली. वापरणाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं, अपडेट आपोआप आला. तेव्हा एक्स्टेन्शनच्या यादीत जा आणि जे रोज लागत नाही ते काढ. तत्काळवालं तर काढच. त्यातून मिळणारे चार पैसे या जोखमीच्या लायकीचे नाहीत.

दुसरं दार नवं आहे आणि मला त्याची जास्त भीती वाटते. एखादं पान उघडतं, 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' असं विचारतं. तू खूण करतेस. मग ते सांगतं : विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तुला वाटतं ही नवी पद्धत असेल. खरं म्हणजे खूण करताना त्या पानाने एक आज्ञा गुपचूप तुझ्या क्लिपबोर्डवर ठेवलेली असते, आणि तू ती स्वतःच्या हाताने विंडोजला देतेस. पानाला जे करायला सँडबॉक्सने मनाई केली होती, ते तुझ्याकडून करून घेतलं जातं. २०२४ पासून या 'क्लिकफिक्स'चा सुळसुळाट झाला आहे. कोणतंही खरं संकेतस्थळ तुला विंडोजची कळ आणि आर दाबायला सांगत नाही. दुकानात मदतीला येणाऱ्या मुलीलाही हे पाठ करून घ्यायला लाव, कारण दुपारी तू जेवायला जातेस तेव्हा तीच बसलेली असते.

तिसरं म्हणजे डाउनलोड केलेले प्रोग्राम. मराठी टायपिंगचे फॉन्ट, कन्व्हर्टर, फोटो एडिटिंगचं फुकटचं क्रॅक. ब्राउझरच्या बाहेर येऊन तू त्यावर डबल-क्लिक केलंस की तिथे सँडबॉक्सचा काही संबंध उरत नाही, तो प्रोग्राम तुझ्या नावाने, तुझ्या हक्काने चालतो. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम बहुतेक असेच येतात आणि ब्राउझरने साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन उचलून नेतात. जुलै २०२४ मध्ये क्रोमच्या १२७व्या आवृत्तीत विंडोजवर त्या साठ्याला जास्तीचं कुलूप लावलं गेलं, पण चोरांनी ते उघडायच्या युक्त्याही शोधल्या. बँकेचा आणि सेवा केंद्राच्या लॉगिनचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नकोस. 'तुमची वीज आज रात्री साडेनऊला तोडली जाईल' असा मेसेज आला म्हणून घाबरलेले आजोबा येतील आणि 'ते साहेब हे ॲप टाकायला सांगताहेत' म्हणतील, तर त्यांच्या हातून फोन घे, खुर्ची दे, पाणी दे आणि काहीही टाकू देऊ नकोस.

आणि एक गैरसमज तुझ्या बोलण्यातून मला जाणवला. गिऱ्हाइकाचं काम इन्कॉग्निटोमध्ये केलं की ते सुरक्षित, असं तू धरून चालतेस. इन्कॉग्निटो फक्त त्या संगणकावर इतिहास आणि लॉगिन मागे ठेवत नाही. गिऱ्हाइकासाठी तेवढं चांगलंच आहे, चालू ठेव. पण त्याने भिंत जाड होत नाही. क्रोमच्या वेगवेगळ्या प्रोफाइलचंही तसंच, त्या एकाच विंडोज खात्यात राहतात.

आता काय करायचं ते सांगते. आधी ते दोन शब्द 'टार्गेट'मधून पुसून टाक. टास्कबारवर वेगळं चिन्ह लावलेलं असेल तर तेही तपास, तिथेही तेच असू शकतं. मग पत्त्याच्या चौकटीत 'क्रोम', दोन टिंबं, दोन तिरक्या रेघा आणि 'सँडबॉक्स' इंग्रजीत लिहून बघ. कोणत्या प्रोसेसवर कोणतं बंधन आहे याचा तक्ता येतो. पुन्हा 'ऑ, स्नॅप!' आलं तर मूळ कारण शोधायला लाव. बहुतेक वेळा जुना, मुदत संपलेला अँटिव्हायरस क्रोमच्या प्रोसेसमध्ये हात घालत असतो किंवा चिन्हाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कम्पॅटिबिलिटी मोड' चालू राहिलेला असतो. तो अँटिव्हायरस काढ, मोड बंद कर, क्रोम काढून नव्याने टाक. विंडोजचा डिफेंडर तुझ्या कामाला पुरेसा आहे.

त्यानंतर विंडोजमध्ये दोन खाती कर. ॲडमिनचं खातं फक्त काही बसवायचं असेल तेव्हाच उघडायचं. रोजचं काम साध्या, 'स्टँडर्ड' खात्यातून. जमलं तर बँक आणि डिजिटल सहीसाठी तिसरं खातं, ज्यात एकही एक्स्टेन्शन नाही आणि गिऱ्हाइकाची फाइल येत नाही. सहीचं टोकन सही करताना लावायचं आणि लगेच काढून गल्ल्यात ठेवायचं. दिवसभर लटकत ठेवायची ती वस्तू नव्हे.

गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन येतं, व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतं, त्याला तू नाही म्हणू शकत नाहीस, तो तुझा धंदा आहे. पीडीएफ आली तर ब्राउझरमध्येच उघड, तिथे तीही सँडबॉक्सच्या आत उघडते. वर्डच्या फाइलवर 'प्रोटेक्टेड व्ह्यू' दिसला तर फक्त वाचायची असताना 'एनेबल एडिटिंग' दाबायची घाई करू नकोस. संशयास्पद काही उघडायचंच असेल आणि विंडोज 'प्रो' असेल, तर तिच्यात 'विंडोज सँडबॉक्स' नावाची सोय २०१९ पासून आहे. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मधून ती चालू करता येते. खिडकीत दुसरी कोरी विंडोज उघडते आणि खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. 'होम'वर ती मिळत नाही. पुढचं मशीन घेशील तेव्हा 'प्रो' घे.

तुझा भाऊ लिनक्स टाकायच्या मागे आहे. टाकू दे, चांगलंच आहे, पण त्यालाही हे सांग. लिनक्सवरचा सँडबॉक्स गाभ्यातल्या नेमस्पेस आणि सेककॉम्प या सोयींवर चालतो. उबुंटूच्या २४.०४ आवृत्तीपासून नेमस्पेस वापरण्यावर ॲपआर्मरने बंधन घातलं, त्यामुळे काही प्रोग्राम 'नो यूझेबल सँडबॉक्स' म्हणून उघडत नाहीत, आणि शोधलं की पहिलं उत्तर तेच मिळतं : 'नो-सँडबॉक्स' लावा. त्याऐवजी त्या प्रोग्रामसाठी ॲपआर्मरची योग्य परवानगी लिहावी. आणि रूट होऊन ब्राउझर चालवू नये. तसं करायला क्रोम स्वतःच नकार देतं, त्याला कारण आहे. ओपनबीएसडी या प्रणालीने तर २०१८ मध्ये 'अनव्हेल' आणलं आणि पुढे त्याच्या आधारे ब्राउझरच्या मुख्य प्रोसेसलाही डाउनलोड्ससारखे मोजके फोल्डर सोडून बाकी काही दिसेनासं केलं. विंडोजवर तुझी मुख्य प्रोसेस इतकी बांधलेली नाही, ती तुझ्या सगळ्या फाइल पाहू शकते. म्हणून गिऱ्हाइकांची जुनी कागदपत्रं त्या संगणकावर ठेवूच नकोस. फॉर्म भरला, पावती दिली, की त्यांच्यासमोर फाइल पुसायची आणि रीसायकल बिनही रिकामी करायची. जे नाहीच ते कुणी चोरू शकत नाही, आणि लोकांनाही ते बघून बरं वाटेल.

एवढं करूनही एखाद्या दिवशी घात झाला, खात्यातून पैसे गेले किंवा कुणाच्या लॉगिनचा गैरवापर झाला, तर आधी संगणकाची इंटरनेटची वायर काढ. मग लगेच १९३० ला फोन लाव. पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या वेळातच असते. बँकेला कळव, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदव, आणि पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदल. ज्या गिऱ्हाइकांची कागदपत्रं त्या संगणकावर होती त्यांना स्वतः फोन करून सांग. आणि घरच्यांपासून लपवून एकटी झुरत बसू नकोस. बाई दुकान चालवते म्हटलं की बोलणारे बोलतातच, त्या भीतीने कितीजणी दोन-दोन दिवस गप्प राहतात आणि तोवर पैसे हाताबाहेर जातात. रात्री कितीही वाजले असले तरी आधी १९३० आणि मग मला फोन कर.